दर्याचा पहिला मासा

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही माझे साधेच आहेत.

फार पूर्वी एका खाडीत पाणमांजरं राहत. दिवसाचा पहिला मासा दर्यात परत सोडायचा, ही त्यांची रीत. मग घारींनी तिथे दर्याभक्तांचा मठ काढला. "तुमचा मासा आम्ही दर्याला पोचवू," म्हणाल्या. हळूहळू खाडीतली जाळी मठाची झाली, बाजारातली सगळी दुकानंही मठाचीच झाली.

एके दिवशी धाकू पाणमांजराला एकच मासा मिळाला. रीतीप्रमाणे तो मासा मठात गेला आणि धाकूचं पिल्लू उपाशी राहिलं. संध्याकाळी धाकू मठाच्या दुकानात आला, तर फळीवर तोच मासा. शेपटीवर धाकूच्या तुटक्या दाताची खूण होती.

"हा मी दर्याला दिला होता."

"दर्याचा प्रसाद आहे, बाबा," दुकानातली घार म्हणाली. "आठवडाभर आमची जाळी ओढ आणि घेऊन जा."

"माझं पोर उपाशी आहे."

"तुझी भक्ती कमी पडते, म्हणून उपाशी."

धाकू रिकाम्या हाताने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मासा तोंडात धरून, पिल्लाला घेऊन तो मठाच्या पायरीवर आला. घारीने पंजा पुढे केला. मासा द्यायला आलेल्या सगळ्या रांगेदेखत धाकूने तो मासा पिल्लाला भरवला आणि तो म्हणाला, "पोचला दर्याला."