हिरवी खूण

एका शहरात हिशेब तपासणाऱ्यांची एक मोठी फर्म होती. इतकी मोठी, की तळमजल्यावरून निघालेला चहा वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत गार व्हायचा. तिथे पन्नास-साठ मुलं-मुली काम करत करत सीएचा अभ्यास करायची. त्यांना सगळे ‘आर्टिकल’ म्हणत. दिवसभर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासायची आणि उरलेल्या वेळात आपली पुस्तकं वाचायची, असं त्यांचं आयुष्य. उरलेला वेळ फारसा नसेच.

या आर्टिकलांमध्ये हेमांगी नावाची एक मुलगी होती. कामाला चोख आणि स्वभावाने सरळ. मागच्या खेपेला ती सीएच्या एका टप्प्याच्या परीक्षेत अवघ्या तीन मार्कांनी नापास झाली होती. घरी कोणी बोललं नाही, पण ते न बोलणंच तिला जास्त लागलं होतं. या वेळी पास व्हायचंच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. परीक्षेआधी पंधरा दिवसांची रजा मिळणार होती. अट एकच, हातातल्या कामाची फाइल पुरी करून साहेबांची सही घ्यायची. त्या पंधरा दिवसांवर तिची सगळी भिस्त होती.

तिचे साहेब होते नाडगौडा सर. केस पांढरे, गुडघे दुखरे, बोलणं मोजकं. त्यांच्या टेबलावर एका बिस्किटाच्या डब्यात रंगीत पेन्सिली असत. कागद पाहिला असेल तर निळी खूण करायची. वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असेल तरच हिरवी. नव्या आर्टिकलला पहिल्याच दिवशी सर हिरवी पेन्सिल हातात देत आणि म्हणत, “ही जपून वापर.” मुलांना वाटे, सर पेन्सिलीच्या खर्चाला जपतात.

त्या वर्षी हेमांगीकडे एका दूध संघाचं काम आलं. संघाची बारा गावांत दूध घ्यायची केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर चार वस्तू होत्या. वजनकाटा, फॅट मोजायचं यंत्र, दूध थंड करायची टाकी आणि एक संगणक. बारा गावं फिरून अठ्ठेचाळीस वस्तू बघायच्या आणि त्याच दिवशीची तारीख घालून खुणा करायच्या, एवढंच काम. हेमांगीने एसटीने आणि वडापच्या जीपने फिरून अकरा गावं पुरी केली. टाकीवरचे नंबर वाकून वाकून वाचले. चव्वेचाळीस हिरव्या खुणा झाल्या.

बारावं गाव होतं माळेवाडी. डोंगरावर वसलेलं. दिवसाला एकच गाडी, तीही पहाटे पाचला. गुरुवारी जायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी हेमांगीला आपली न वाचलेली प्रकरणं दिसू लागली. ती संघाच्या ऑफिसात घुटमळत बसली. तिथले भांडारपाल सोपानराव हसून म्हणाले, “ताई, एवढी मोठी टाकी कुठं पळून जाणारे? बिल बघा की.”

बिल होतं. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये हिरव्या खुणाही होत्या. हेमांगीने हिरवी पेन्सिल काढली, चार खुणा केल्या आणि खाली गुरुवारची तारीख घातली. काम अर्ध्या मिनिटात झालं. मग वाचवलेला तो सगळा दिवस ती पुस्तक उघडून बसली आणि तिच्या डोक्यात एकही ओळ शिरली नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. त्या चार खुणा तिचा पिच्छा सोडेनात. शेवटी रविवारी पहाटे पाचची गाडी पकडून ती माळेवाडीला गेली. केंद्रावर एक बाई दूध मोजून घेत होती. आत टाकी घरघरत उभी होती. हेमांगीने नंबर वाचला. बरोबर. काटा, यंत्र, संगणक, सगळं जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. तिने टाकीवरून हातसुद्धा फिरवला.

ती बाई म्हणाली, “टाकी बघाया आलीस व्हय? तीन वर्सं झाली, जाग्यावरनं हालली न्हाई बग.”

परतताना हेमांगीने स्वतःची समजूत घातली. आता तर वस्तू पाहिल्याच. खूण खरी ठरली. कोणाचं काही बिघडलं नाही. तारखेचं काय एवढं, तीन दिवसांचा तर फरक!

सोमवारी ती फाइल घेऊन सरांपुढे उभी राहिली. मंगळवारपासून रजा सुरू होणार होती. घरी जायची बॅग भरून तयार होती. सरांनी पानं उलटली. हिरव्या खुणांच्या पानावर ते थांबले, पण वाचलं मात्र नाही.

“खुणा तुझ्या आहेत ना? मग झालं,” असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

हेमांगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी रागावून चार प्रश्न विचारले असते, तर कदाचित तिने उत्तरं देऊन वेळ मारून नेली असती. पण या विश्वासापुढे तिचं काही चालेना.

“सर, थांबा,” ती म्हणाली. “माळेवाडीच्या चार खुणा मी न बघता केल्या. गुरुवारी गेलेच नव्हते. काल जाऊन आले. सगळं बरोबर आहे, पण खुणा केल्या तेव्हा मला ते माहीत नव्हतं.”

सरांनी पेन खाली ठेवलं.

“टाकी होती, हे टाकीचं नशीब,” ते म्हणाले. “नसती तरी तुझी खूण अशीच हिरवी असती.”

“चुकलं सर. या चार मी खोडते.”

“चारांचं काम सोपं आहे. मी आता बाकीच्या चव्वेचाळिसांचं काय करू?”

“त्या खऱ्या आहेत, सर! शपथेवर सांगते.”

“असतीलही. पण मला कसं कळावं? सगळ्या एकाच पेन्सिलीच्या आहेत.”

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी डब्यातून एक कोरी हिरवी पेन्सिल काढली, चष्मा खिशात घातला आणि उद्या सकाळी एसटी स्टँडवर यायला सांगितलं. ते स्वतः येणार होते.

बारा गावं परत फिरायला चार दिवस लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी सर जीपमध्ये चढत आणि केंद्राच्या पायऱ्या एकेक करून उतरत. ते पाहून हेमांगीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटे. ती दाखवी, सर नंबर वाचत आणि खूण करत. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस वस्तू जिथल्या तिथे होत्या. एकही चूक सापडली नाही. सर एका शब्दाने तिला रागावले नाहीत. उलट पहिल्याच दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “पुस्तक आणलंस? काढ.” आणि खड्ड्यांतून गाडी आदळत असताना ते तिला प्रश्न विचारत राहिले.

रजेचे चार दिवस गेले ते गेलेच. हेमांगी पास झाली, पण अगदी काठावर. निकाल पाहून ती हसली आणि रडलीही.

वर्ष फिरून आलं. दूध संघाचं काम पुन्हा तिच्याकडेच होतं. पुन्हा ती फाइल घेऊन सरांपुढे उभी राहिली. सरांनी हिरव्या खुणांचं पान काढलं. या वेळी ते एकेक ओळ वाचू लागले आणि हेमांगी मुकाट्याने उभी राहिली. ही तपासणी आपणच ओढवून घेतली आहे, हे तिला माहीत होतं.

नवव्या गावापाशी सरांचं बोट थांबलं. तिथे चार चौकोन कोरे होते. शेजारी हेमांगीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पाहिले नाही. दोनदा गेले, केंद्राला कुलूप होते.’

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग उरलेल्या तीन गावांच्या ओळी न वाचताच पान उलटलं.

“सर, खालच्या खुणा राहिल्या बघायच्या,” हेमांगी म्हणाली.

“या कोऱ्या चौकोनांनी सांगितलं मला त्यांचं,” सर म्हणाले. “उद्या त्या गावाला पुन्हा जाऊन ये. सही मी त्यानंतर करतो.” आणि त्यांनी डब्यातली हिरवी पेन्सिल तिच्या हातात दिली.

तात्पर्य: न पाहता दिलेली ग्वाही नशिबाने खरी ठरली, तरी ती खोटीच असते आणि शेजारच्या खऱ्या ग्वाहीवरचाही विश्वास घालवते; जे पाहिलं नाही ते ‘पाहिलं नाही’ असं सांगणाऱ्याच्याच शब्दाला किंमत येते.