गुळाच्या व्यापाऱ्याचे इंजिन

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने फार मोठी, फार महागडी मोटार घेतली. कोल्हापूरच्या बाजारपेठेत तिच्याइतकी रुबाबदार गाडी दुसरी नव्हती, आणि हे तो स्वतःच सर्वांना सांगत असे. चार लिटरचे पेट्रोल इंजिन, आठ सिलिंडर, दोन टर्बो, पाचशेहून अधिक अश्वशक्ती. आरती म्हणावी तशी ही माहिती त्याला तोंडपाठ होती. अशी ही गाडी एका दुपारी भर रस्त्यात वाफ सोडून बंद पडली.

झाले होते असे. इंजिन थंड ठेवणारे कूलंटचे पाणी एका सांध्यातून हळूहळू झिरपत होते. त्याला गोडसर वास असतो. दुसऱ्या कुणाला तो लगेच खटकला असता. या गृहस्थाच्या डिकीत मात्र कायम गुळाचे नमुने! गाडीत गोड वास येतो म्हणजे आपली लक्ष्मीच दरवळते आहे, अशा समजुतीने तो खुशीत फिरत राहिला. शेवटी पाणी संपले, इंजिन तापून आतून वाकले, आणि सर्व्हिस सेंटरने निकाल दिला की हे दुरुस्त होणार नाही, अख्खे इंजिन बदला.

व्यापाऱ्याने गाडी उद्यमनगरातल्या एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांनी इंजिन निरखून पाहिले आणि ते आपल्या शिष्याच्या स्वाधीन केले. शिष्याचे नाव भूपाल.

त्या कारखान्यात एक रीत होती. बोल्ट नेमक्या ताणाने आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची सरळ रेघ ओढायची. बोल्ट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. वस्तादांचा रंग लाल. शिष्य कितीही वर्षे राबला तरी त्याने लालच वापरायचा, कारण कामाची जबाबदारी गुरूची. ज्या दिवशी वस्ताद त्याला स्वतःचा रंग देतील, त्या दिवसापासून तो स्वतंत्र कारागीर. भूपालचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. या इंजिनाचे काम पार पडले तर रंग मिळेल, फसले तर पुन्हा रॉकेलच्या टबात पार्ट धुणे, हे त्याला न सांगताही कळत होते.

त्याने तहानभूक विसरून काम केले. एका ठिकाणी मात्र पाय घसरला. दोन्ही टर्बोंच्या खाली, कुणाला दिसणारही नाही अशा जागी, पाण्याच्या नळीला एक रबरी कडे बसते. नवे कडे वेळेत आले नाही, आणि व्यापाऱ्याच्या घरचा साखरपुडा तोंडावर आलेला. भूपालने जुनेच पुसून बसवले. दाब देऊन तपासले, तर थेंबही गळला नाही. साखरपुड्याच्या सकाळी नवे कडे कुरियरने हातात पडले. मग त्याने व्यापाऱ्याला फोन केला, "शेठ, गाडी आज मिळायची न्हाय," आणि जोडलेले इंजिन पुन्हा सोडायला बसला.

वस्ताद त्या दिवशी गडहिंग्लजला गेले होते. ते परतल्यावरही भूपालने लाजेपोटी त्यांना काही सांगितले नाही. इकडे व्यापारी साखरपुड्याला साडूच्या जुन्या गाडीतून उतरला. साडूपुढे झालेली ही शोभा तो जन्मात विसरणार नव्हता.

पुढे चाचणीचा दिवस ठरला. व्यापारी सकाळपासून हजर. "वस्ताद, हायवेला काढू. चार सेकंदात शंभरावर काटा जातोय का बघूया. कंपनीनं छापून दिलंय!"

"आंबा घाट," वस्ताद एवढेच म्हणाले.

भर उन्हाळ्याची दुपार. गाडी भूपाल चालवत होता, शेजारी वस्ताद, मागे व्यापारी. घाट उतरून ते वळले आणि पुन्हा चढाला लागले, तर पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, धापा टाकत वर निघालेला.

"ह्याच्या मागंच ऱ्हा," वस्ताद म्हणाले. "ओव्हरटेक करायची न्हाय. आणि एसी फुल्ल कर."

पाचशे अश्वशक्तीची गाडी चिऱ्याच्या ट्रकमागे धूळ खात सरपटू लागली. व्यापारी मागे कासावीस झाला. माथ्यावर पोचताच वस्ताद म्हणाले, "थांबीव. इंजिन बंद कर. चहा घेऊ."

चढून आलेले टर्बोचे इंजिन असे झटकन बंद करू नये, हे वस्तादांनीच भूपालला शिकवले होते. आज तेच उलटे सांगत होते. तरी त्याने बटण दाबले.

चहाच्या टपरीसमोर गाडी उन्हात उभी राहिली. बॉनेटखालून बारीक घरघर येत होती.

"बंद केलीस न्हवं? मग वाजतंय काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"पाणी फिरवायचा छोटा पंप हाय शेठ. बंद केल्यावरबी आतली आग थोडा वेळ वाढत असते, म्हणून तो चालू ऱ्हातोय," भूपाल म्हणाला.

"म्हणजे अजून बिघडायची सोय हाय तर!" व्यापाऱ्याने साठवलेले सगळे बाहेर काढले. "वस्ताद, ह्याच्या हाताचा काय भरवसा सांगताय? ऐन साखरपुड्यादिवशी गाडी उघडून बसला. माझा साडू अजून हसतोय!"

भूपालच्या कानशिलांत रक्त उसळले. खरे सांगावे तर गुरूपुढे आपली चोरी उघडी पडणार, न सांगावे तर अपमान गिळायचा. आपण चुकलो होतो, हेही त्याला ठाऊक होते. त्याने ग्लासातला चहा एका घोटात संपवला.

घरघर थांबली. वस्ताद उठले. "शेठ, तुम्ही नुसत्या वासावर गुळाची पारख करताय. हितं या. बॉनेटवर नाक धरा, आणि गोड वास येतोय का सांगा."

व्यापारी चकित झाला, पण कसबाची गोष्ट निघताच तो बाजारातल्यासारखा गंभीर झाला. तापलेल्या पत्र्यावर वाकला, डोळे मिटले, डावीकडे हुंगले, उजवीकडे हुंगले.

"न्हाय," व्यापारी हळूच म्हणाला. "तापलेल्या लोखंडाचा हाय, धुळीचा हाय. गोड न्हाय. अजिबात न्हाय!"

"भूपाल, चालू कर."

बटण दाबताच आठही सिलिंडर एका सुरात जागे झाले. ना अडखळणे, ना थरथर. तापमानाचा काटा बरोबर मधोमध उभा! "वा रं पठ्ठ्या!" व्यापारी ओरडला, आणि त्याने डिकीतून गुळाचा भलामोठा खडा आणून भूपालच्या तोंडात कोंबला. साडू, साखरपुडा, सगळे तो त्या क्षणी विसरला. टपरीवरची माणसेही कौतुकाने गोळा झाली.

वस्ताद शिष्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पळत्या इंजिनाला वारा लागतोय, ते थंड ऱ्हातंय. खरी आग कोंडती ती चढून आल्यावर गप उभं ऱ्हायला लागलं म्हंजे. जुनं कडं तिथंच सुटतंय. ताकद किती, ते कंपनी छापून देती. भरवसा छापता येत न्हाय, तो न दिसणाऱ्या जागी कुणीतरी बसवलेला असतोय."

भूपालने मान खाली घातली. "वस्ताद, ते कडं..."

"ठाऊक हाय. कड्याच्या कुरियरची तारीख बिलावर दिसली. निघायच्या आधी मी वाकून बॅटरी मारली. त्या सांध्यावर ताजी रेघ, आणि तिच्याखाली पुसलेल्या जुन्या रेघेचा डाग. चूक केलीस, आणि कुणी न सांगता ती उघडून काढलीस. आज मी दोन इंजिनं तापवून उभी केली लेका. दोन्ही उकळली न्हाईत." त्यांनी खिशातून झाकणाला ब्रश असलेली रंगाची छोटी रिकामी बाटली काढली. "रंग कुठला भरणार?"

भूपालच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने हातातल्या उरलेल्या गुळाकडे पाहिले आणि म्हणाला, "पिवळा."

कारखान्यात परतल्यावर, इंजिन पुरते निवल्यावर, त्याने त्या एका सांध्यावरची लाल रेघ पुसून पिवळी ओढली. ती कुणालाही दिसत नाही, आणि ती गाडी तिच्याच भरवशावर धावते आहे.