गेनूनं जागा दिली

एका गावात एक भोळा गेनू होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते करायचा, पण भलतीकडंच करायचा. त्याला ठकूआत्यानं वाढवलं. शेजारच्या गावच्या येसूशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा स्वारी हवेतच होती. येसू त्याला फार आवडायची.

आत्या म्हणाली, "जा, मामांना लग्नाचं आमंत्रण देऊन ये."

मामा म्हणाले, "नाही रे जमायचं, कंबर धरलीय."

"बरं," म्हणून गेनू परत आला.

"मेल्या, असं आमंत्रण देतात? पाहुणा नाही म्हणाला तरी ऐकायचं नाही. धरून आणायचा!"

"बरं आत्या, आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी वाटेत एक बैल भेटला. गेनूनं हात जोडले. "लग्नाला येता ना?" बैलानं मान हलवली. नाही म्हणतोय होय? गेनूनं कासरा धरला आणि ओढत ओढत त्याला थेट मांडवात आणला. पाहुण्यानं आंब्याच्या डहाळ्यांचा फन्ना उडवला.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे मुडद्या! मांडवात शिरून असं रवंथ करत कुणी उभं राहिलं, तर काठी घ्यायची आणि हाकलायचं!"

"बरं आत्या, आता तसंच करतो."

संध्याकाळी मांडव बघायला कोण यावं? येसूचे वडील, तात्या. तोंडात पान, चघळणं चाललेलं. गेनूनं काठी उचलली. तात्या पुढं, गेनू मागं. फेटा राहिला मांडवात.

"मोडलं लग्न!" तात्या वेशीवरून ओरडले.

गेनू ढसाढसा रडला. आत्यानं जाऊन पाय धरले, तेव्हा कुठं तात्या निवळले. पण बजावलं, "आणखी एक वेडेपणा, की पोर देणार नाही."

आत्या गेनूला म्हणाली, "ऐक बाबा. वडीलधारं माणूस दिसलं, की हात जोडायचे आणि आपली जागा द्यायची. एवढंच कर."

"बरं आत्या, आता तसंच करतो."

लग्नाच्या दिवशी गेनू शहाण्यासारखा पाटावर उभा राहिला. मध्ये अंतरपाट, पलीकडं येसू. आत्याला हायसं वाटलं. ती पंगतीचं बघायला गेली. मंगलाष्टका सुरू झाल्या. इतक्यात काठी टेकत येसूचे आजोबा आले. उशीर झालेला, धाप लागलेली, उभं राहायला जागा नाही.

गेनू पाटावरून उतरला. हात जोडले. आजोबांना पाटावर उभं केलं. मुंडावळ्या सोडून त्यांच्या कपाळाला बांधल्या. जागा द्यायची, तर अर्धी कशाला? हातातला हारही दिला. आजोबांना वाटलं, केवढा हा मान! भटजी डोळे मिटून गात होते. वऱ्हाडाचं निम्मं लक्ष जिलेबीच्या वासाकडं होतं.

"सावधाऽऽन!"

अंतरपाट सरला. खाली मान घालून येसूनं हार घातला. ताशा कडाडला. सगळ्यांत जास्त अक्षता गर्दीतून गेनूनं उधळल्या.

मग तात्यांनी पाटाकडं पाहिलं. "अरे, हे काय? मोडलं लग्न! मोडलं!"

"मोडलं कसं तात्या?" गेनू म्हणाला. "आत्ता तर लागलं!"

येसूनं मान वर केली. समोर आजोबा, गर्दीत नवरा. ती पोट धरधरून हसली. "तात्या, पुन्हा धरा अंतरपाट. मला हाच नवरा हवा."

तात्यांनाही हसू आवरेना. "चढा जावईबापू!"

गेनू दोन पावलं मागं सरला.

"छे छे! आजोबांचं लग्न लागलंय. आता त्यांच्या जागेवर मी कसा उभा राहू?"