धुतलेले हात

“...पण स्वतःचे प्राण स्वतःच्या हाती ठेवण्यात गैर ते काय, महाराज?”

त्रिविक्रमशास्त्री घैसास तिसऱ्यांदा तेच विचारत होते. टेकडीवरच्या त्या लहानशा मठाच्या ओसरीवर त्यांना एका जागी बसवत नव्हते. उठत, दोन पावले टाकत, पुन्हा टेकत. पाठशाळेत एखाद्या मुलाचा एक स्वर ढळला तरी सबंध ऋचा पुन्हा म्हणवून घेणारा हा मनुष्य आज स्वतःची वाक्ये अर्धवट सोडत होता.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयात जायचे, डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यायचे आणि चार चार तास निमूट पडून राहायचे. डॉक्टरांनी दुसरी वाट दाखवली होती. पोटात एक नळी बसवायची. तिच्यातून औषधी द्रव घरच्या घरी दिवसातून चार वेळा भरायचा आणि काढायचा. ज्याचे त्याने.

कोणती वाट धरणार, हे उद्या सकाळी कळवायचे होते.

“गैर काहीच नाही,” वृद्ध महाराज म्हणाले. “मग अडलंय कुठं?”

“रुग्णालयातली ती परिचारिका म्हणते, घरातलं आणखी कुणी शिकायला आणा. मी म्हटलं, गरज नाही. हात स्वच्छ हवेत, एवढंच ना? जंतू आत गेले तर जिवावर बेतेल, कळतं मला. पण चाळीस वर्षं सोवळं पाळतोय मी! आता हात धुणं मला शिकवणार?”

पायरीवर शास्त्रीबुवांच्या पत्नी मालिनीबाई बसल्या होत्या.

“दाखव,” महाराज म्हणाले.

“काय दाखवू?”

“हात धुऊन ये. तिनं सांगितलंय तसे.”

शास्त्रीबुवा अंगणातल्या नळावर गेले. साबण, बोटांच्या बेचक्या, मनगटे, सारे यथासांग. कोऱ्या पंच्याने हात कोरडे केले आणि ताठ मानेने परत आले.

महाराजांनी क्षणभर पाहिले.

“पुन्हा.”

दुसऱ्या खेपेस त्यांनी दुप्पट वेळ घेतला.

“पुन्हा.”

तिसऱ्या खेपेस तळवे लाल झाले. सुजलेल्या पावलांनी ओसरी चढताना त्यांना धाप लागली.

“चेष्टा मांडलीय का माझी? यात उणं काय राहिलं?”

महाराजांनी नुसते मालिनीबाईंकडे पाहिले.

“उपरणं,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय उपरणं?”

“नळावरून वळलात की खांद्यावरचं उपरणं सावरता. तिन्ही वेळा सावरलंत. धुतलेला हात पहिला तिथंच जातो तुमचा.”

शास्त्रीबुवांनी मान वळवली. उजवा हात आत्ताही खांद्यावरच होता.

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून बघतेय.”

“आणि सांगतेस आज?”

“सांगितलं होतं की एकदा, चातुर्मासात. आठ दिवस बोलला नाहीत.”

“आठच?” महाराज खळखळून हसले. “नशीबवान आहेस. मी याचा एक पाठ चुकला म्हटलं, तर माझ्याशी महिनाभर अबोला होता.”

शास्त्रीबुवा हसले नाहीत. त्यांनी हात खाली घेतला, पुढ्यात धरला, पाहत राहिले. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. पोटात नळी असती आणि हाच हात तिला लागला असता तर...

“म्हणजे अपात्र ठरलो,” ते म्हणाले. “संपलं. उद्या सांगतो त्यांना. आठवड्याचे तीन दिवस त्या खाटेवर, लोकांच्या हाती...”

“अपात्र कोण म्हणालं?”

“मग करू काय? एकट्यानं कर म्हणता, की करूच नको म्हणता? काहीतरी एक सांगा!”

महाराज उठले. आत जाऊन नखे कापायची लहान कात्री घेऊन आले. शास्त्रीबुवांच्या पुढ्यात मांडी घालून बसले, कात्री त्यांच्या हाती दिली आणि आपला उजवा हात पुढे केला.

“डाव्या हाताची नखं मघाशी मीच कापली. उजव्याची माझी मला जमत नाहीत. ही तू काप.”