कोंबडीखालची पिल्लं

“पण बदकाचं पिल्लू पाण्यात बुडतं का कुठं, बुवा?”

सखाहरीचा आवाज चढला होता. त्याचे गुरू केवलगिरीबुवा मठाच्या ओट्यावरून तळ्याकडे बघत बसले होते. मठात बदकं पाळायची रीत त्यांचीच. बदकं अंड्यांवर धड बसत नाहीत, म्हणून अंडी उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवायची.

“मी गावाला जाताना काय सांगितलं होतं?”

“पंधरा दिवस पिल्लं पाण्यात सोडू नकोस म्हणून.”

“आणि तू?”

सखाहरीने पायाने एक खडा ओट्याखाली ढकलला.

तिसऱ्याच दिवशी त्याने गावकरी जमवून प्रवचन झोडलं होतं. ज्याचं ज्ञान त्याच्यापाशीच असतं, गुरू हवा कशाला? आणि दाखला म्हणून नऊ पिल्लं तळ्यात सोडली. काठावर कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडत होती. लोक तिला हसले. पिल्लं पोहलीही थोडा वेळ. मग पिसं भिजून जड झाली आणि एकेक खाली गेलं. हसणं कधी थांबलं, कुणाला कळलं नाही.

“आईच्या पिसांचं तेल अंगाला लागतं, तेव्हा पाणी निथळतं,” बुवा म्हणाले. “कोंबडीकडे कुठलं तेल?”

“झालं ते झालं. आज मला छाटी द्यायचं कबूल केलं होतंत.”

भगवी छाटी बुवांच्या मांडीवरच होती. ती अंगावर आली की सखाहरी स्वतः गुरू होणार होता. बुवांनी ती उचलली नाही.

दिवस कलला. काठावर हाका मारून कोंबडी वळली आणि मठाकडे चालू लागली. चार पावलं टाकायची, थांबायची, मागे बघायची. मागे कुणी नव्हतं.

ओट्यावरच्या आपल्या टोपलीत येऊन तिने पंख पसरले आणि अलगद खाली बसली.

“आठ दिवस हेच चाललंय. वेडी झालीय ती.” सखाहरीला तिच्याकडे बघवत नव्हतं.

“हात घाल तिच्याखाली.”

“काय असणार तिथं?”

“घाल.”

त्याने हात घातला... आणि झटकन काढला. मनगटापर्यंत ओला झाला होता. त्याला तळ्यातल्या चिखलाचा वास येत होता.

“बुवा... हलतंय काहीतरी. गार आहे.”

बुवांनी छाटी उचलून त्याच्यापुढे धरली.

“ही घे तुझी छाटी. आधी त्यांना पुस.”