वामीच्या कपारीतला न्याय

आडबंदरच्या किनाऱ्यावर ओहोटीला प्रवाळाचा एक काळपट खडक उघडा पडतो. त्याच्या कपारीत माणसाच्या मांडीएवढी जाड वाम, सापासारखा लांब मासा, राहते. पाहुण्यांना होडीतून तिथे नेतात ते गंगारामतात्या मेथर. परवा एक पाहुणा ओरडला, "तात्या, दात विचकून अंगावर येतेय बघा!"

"अंगार नाय येवक, दम घेता ती. तोंड उघडझाप नाय केल्यान तर गुदमरात. तुम्ही नाय तोंड उघडून घोरत?"

मग तात्यांनी कपारीची गोष्ट सांगितली.

पूर्वी म्हणे गावात चोरीचा आळ आला की आळ घेणारा आणि आरोपी, दोघांनी या कपारीत हात घालायचा. वाम चावेल तो खोटा. एकदा देवीची नथ नाहीशी झाली. खोताने मासे विकणाऱ्या आवडूचं नाव घेतलं. दोषी ठरली तर तिने गाव सोडायचा.

खोत आंघोळ करून, हाताला चंदन लावून आला. त्याने कपारीत हात घातला. वाम हललीसुद्धा नाही. आवडूला तारली साफ करताना उठवून आणलं होतं. हात धुवायलाही दिला नाही. तिचा हात आत गेला आणि वामीने धरला. वामीचे दात आत वळलेले, घशात आणखी एक जबडा. धरलेलं ती सोडत नाही. हात ओढून काढला तेव्हा दोन बोटं आतच राहिली.

"देवीन दाखवल्यान!" लोक ओरडले.

आवडू म्हणाली, "खोतांनू, माज्या हाताक तारल्यांचो वास, तुमच्या हाताक चंदनाचो. तिका दिसता कमी, ती वासार जाता. तिका खरा-खोटा काय कळतला? तारली कापा नि आता घाला हात."

"आज माझा सोमवार," खोत म्हणाला. "मासळीला शिवायचं नाही."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग मंगळवारी घाला!" लोक हसले. हसले, आणि तरीही आवडूला गावाबाहेर काढलं. एका हाताने होडी लोटत ती गेली. पुढे तिचं काय झालं, कुणी सांगत नाही.

वर्षभराने खोताने दुसऱ्या एका बाईवर आळ घेतला. तेव्हा वाडीतल्या साऱ्या बायका त्याच्या अंगणात आल्या, तारल्यांची टोपली आणि कोयता त्याच्यापुढे ठेवला आणि वाट पाहत उभ्या राहिल्या. खोताने आळ मागे घेतला. त्यानंतर त्या कपारीत कुणाचाही हात गेला नाही, असं सांगतात.

आजही आडबंदरात कुणी कुणाकडे बोट दाखवलं की आधी बोट दाखवणाऱ्यापुढे ताज्या तारल्यांची टोपली येते. पुष्कळ जण ती पाहूनच घरी जातात. गाव या रिवाजाचं कौतुक पाहुण्यांना भरभरून सांगतो. आवडूवरचा आळ मात्र गावाने आजही मागे घेतलेला नाही.