साहेबांच्या वाट्याचं खिमट

आंबेखोलची देवराई तोडून तिथे हेलिपॅड करायचं, असं मंत्री रंगराव हातणोलकरांनी ठरवलं होतं. जंगलाच्या अर्थशास्त्रात तीस वर्षं घालवलेल्या डॉ. मृदुला वेलणकरांनी पाहणीच्या दिवशी पुन्हा हरकत घेतली, तेव्हा साहेब हसले.

"बाई, एका झाडामागे दहा रोपं लावतोय, शेजारच्या जिल्ह्यात. जंगल दसपट वाढतंय. तुमचंच अर्थशास्त्र कच्चं दिसतंय."

हे उत्तर बाई महिनाभर ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "पटलं, साहेब. आता जेवून घ्या."

देवराईतल्या देवळाच्या ओवरीत पंगत बसली. सगळ्यांना वालाचं बिरडं, अळूचं फदफदं आणि वाफाळते मोदक वाढले. साहेबांपुढच्या केळीच्या पानावर मात्र नुसता एक फोटो होता. फोटोत दहा तान्ही बाळं तोंड माखून खिमट खात होती.

"हे काय आहे?"

"तुमचं जेवण. एका मंत्र्यामागे दहा बाळं जेवू घातली, शेजारच्या जिल्ह्यात. पन्नासएक वर्षांत तुमच्याएवढी होतील. भोजन पावलं म्हणून इथे सही करा."

साहेबांनी शेजारी बसलेल्या कलेक्टरच्या पानातल्या मोदकाकडे पाहिलं. "अहो, पण भूक मला लागलीय. बाळांनी खाऊन माझ्या पोटात काय पडणार?"

"देवराईतला धनेश पक्षीही हेच विचारतोय, साहेब. त्याला उत्तर द्या, मी मोदक वाढते."

हेलिपॅड रद्द केल्याच्या कागदावर साहेबांची सही झाली, तेव्हा मोदक अजून गरम होते.